चार सुट्ट्यांचे भांडण, आठ दिवसांचा हक्क

डिसेंबरच्या सुमारास मंत्रालयातून पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी निघते. दुसऱ्या दिवशी ती वर्तमानपत्रात येते, तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर, आणि चौथ्या दिवशी तिच्यावरून भांडण सुरू होते. एका बाजूचा संदेश ठरलेला असतो : 'बघा, यांच्या किती सुट्ट्या! नुसते लाड चाललेत.' दुसऱ्या, म्हणजे आपल्या बाजूचा संदेशही ठरलेला : 'शब-ए-बरातची सुट्टी का नाही? आपली कुणाला पर्वा आहे?' हे दोन्ही संदेश पुढे ढकलणारी माणसे बहुतेक एकाच वर्गातली असतात. महिन्याचा पगार असलेली, कॅलेंडरवर लाल आकडे बघून गावाला जायचे बेत करणारी. ज्यांच्या वाट्याला तो लाल आकडा कधी येतच नाही, त्यांचा या भांडणात आवाज नाही. माझे म्हणणे सरळ आहे. आपण चुकीच्या यादीवरून भांडतो आहोत, आणि आपण भांडत असताना खरी यादी हातातून निसटते आहे.

आधी 'लाड' मोजून टाकू

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या यादीत साधारण २४ दिवस असतात. प्रजासत्ताक दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती हे तीन राष्ट्रीय. शिवजयंती आणि महाराष्ट्र दिन हे दोन आपल्या राज्याचे. महाशिवरात्र, होळीचा दुसरा दिवस, गुढीपाडवा, रामनवमी, गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन, बलिप्रतिपदा हे आठ. भाऊबीज अलीकडे वेगळी जोडली जाते, ती यात धरलेली नाही. आंबेडकर जयंती, बुद्ध पौर्णिमा, महावीर जयंती, गुरुनानक जयंती, पारशी नववर्ष, गुड फ्रायडे आणि नाताळ हे सात. आणि रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, ईद-ए-मिलाद हे चार.

चोवीसात चार. त्यांतला एखादा रविवारी पडला तर तीन. मोहरम तर सणही नव्हे, तो शोकाचा दिवस. त्या दिवशी 'हॅपी मोहरम' असा संदेश येतो तेव्हा पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण चारातल्या एका दिवसाचा अर्थ शेजाऱ्याला ठाऊक नाही एवढे कळते. उलट सांगली जिल्ह्यात कडेगावला मोहरममध्ये उंचच उंच ताबुतांच्या भेटी होतात. त्यातले काही ताबूत हिंदूंचे असतात. खांदा देणाऱ्याची जात-धर्म तिथे कुणी विचारत नाही, आणि मोहरमचा अर्थही तिथल्या पोराला कुणी शिकवावा लागत नाही.

दुसऱ्या कुणाचे आठ का, असा माझा प्रश्न नाही. ज्या राज्यात ज्यांची संख्या जास्त, त्यांचे सण यादीत जास्त असणार, यात अन्याय काही नाही. मात्र चोवीसातल्या चारांना 'लाड' म्हणणाऱ्याने एकदा बोटांवर मोजून बघावे. हा विषय माझ्या लेखी इथेच संपला.

ही यादी आहे तरी कुणाची?

सरकारच्या अधिसूचनेचा पहिला परिच्छेद सहसा कुणी वाचत नाही. या सुट्ट्या 'परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१' या कायद्याच्या कलम २५ खाली जाहीर होतात. नाव भारदस्त, पण विषय हुंडी, धनादेश आणि वचनचिठ्ठीचा. एखाद्या हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती आधीच्या कामाच्या दिवशी भरली असे धरावे, एवढे ते कलम सांगते. धर्माचा मान, समाजाची ओळख, अल्पसंख्याकांचे स्थान यातले काहीही त्यात नाही. बँकेची वही कोणत्या दिवशी बंद राहणार, हे ठरवण्यासाठी इंग्रजाने केलेली सोय आज आपल्या मानापमानाची फूटपट्टी होऊन बसली आहे.

या यादीने सरकारी कचेऱ्या आणि बँका बंद राहतात. खाजगी दुकानदार, कारखानदार, कंत्राटदार यांना ती बांधत नाही. म्हणजे ती मुख्यतः सरकारी आणि बँकेतल्या नोकरदारांची यादी. त्यातल्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. वर्षाचे शनिवार-रविवार १०४, त्यावर हे २४. मला त्यांचा हेवा नाही. त्यांनी संघटना केल्या, मागितले, मिळवले. पण आपल्या समाजातली किती माणसे या नोकऱ्यांत आहेत? आपण कुणासाठी भांडतो आहोत?

आता या यादीचा कच्चेपणाही बघा. ती सरकारच्या मर्जीने वाढते आणि मर्जीने घटते. २०१७ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने एका फटक्यात १५ सुट्ट्या रद्द केल्या. त्यात ईद-ए-मिलाद होती आणि परशुराम जयंतीही होती. २०२५ मध्ये रमजान ईद ३१ मार्चला आली, तेव्हा आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस असल्याचे सांगून हरियाणा सरकारने तिला वैकल्पिक सुट्टी करून टाकले. त्याच दिवशी सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका उघड्या ठेवाव्यात, असे रिझर्व्ह बँकेनेही सांगितले. दुसऱ्या टोकाला, २२ जानेवारी २०२४ ला अयोध्येच्या सोहळ्यासाठी महाराष्ट्राने सार्वजनिक सुट्टी दिली. कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी तिला आव्हान दिले, ते मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळले. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या एका प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले होते की सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत अधिकार नाही.

यातला धडा कडू असला तरी कामाचा आहे. या यादीतली सुट्टी सरकारने दिलेली असते. जे दिले ते काढून घेता येते. अशा वस्तूवर समाजाची इज्जत टांगून ठेवणे हे शहाणपणाचे नाही.

यावर आपलेच लोक म्हणतील, 'पण यादीत आपले नाव असणे म्हणजे देशाने आपल्याला मोजणे. ते सोडून कसे देता?' सोडा असे मी म्हणत नाही. चारातली एक जरी काढली तरी मी निषेधाच्या पत्रावर सही करीन. पण श्रद्धेचे वजन यादीतल्या जागेवरून ठरत नाही, याचा पुरावा आपल्या महाराष्ट्रातच आहे. आषाढी एकादशी या राज्यव्यापी यादीत नाही. आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत लाखो वारकरी दोन-अडीच आठवडे चालत जातात, त्यातले बहुतेक शेतकरी आणि मजूर. त्यांनी मंत्रालयाला विचारून पाऊल उचललेले नाही. २०२३ मध्ये आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी, २९ जूनला आल्या. पंढरपूरसह अनेक गावांतल्या मुसलमानांनी ठरवले की कुर्बानी त्या दिवशी करायची नाही, पुढच्या दोन दिवसांत करू. शरियतने तीन दिवस दिलेले आहेतच. हा समजूतदारपणा कोणत्याही यादीतून आला नव्हता.

मिलादचेही तसेच. २०२३ मध्ये ती अनंत चतुर्दशीच्याच दिवशी आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी आपणहून जुलूस पुढे ढकलला आणि सरकारने २९ सप्टेंबरला सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये मुंबई शहर आणि उपनगरांपुरती सुट्टी १६ वरून १८ सप्टेंबरला गेली, २०२५ मध्ये ५ वरून ८ सप्टेंबरला. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे आपले दिवस दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात. २०२६ ला मिलाद ऑगस्टमध्ये आणि गणेश चतुर्थी सप्टेंबरमध्ये. गाठ आपोआप सुटेल. पण सलग तीन वर्षे 'आपलीच सुट्टी का हलली' आणि 'यांची सुट्टी हवीच कशाला' या दोन आरोळ्या मी ऐकल्या. त्यातल्या तिसऱ्या वर्षी काय घडत होते, ते आता सांगतो.

खरी यादी

महाराष्ट्रात दुकाने आणि आस्थापनांसाठी २०१७ चा एक कायदा आहे. त्यात कामगाराला वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार कोणत्या, हे मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायचे. पुन्हा वाचा. चार सुट्ट्या कामगाराने मालकासोबत बसून निवडायच्या आहेत. त्यासाठी चंद्र दिसल्याची अधिसूचना लागत नाही, मोर्चा लागत नाही, लाड झाल्याचा टोमणा ऐकावा लागत नाही. दिवस पगारी आहे आणि कायद्याने आहे. याला हक्क म्हणतात.

माझा मामेभाऊ एका मोठ्या कपड्याच्या दुकानात सेल्समन आहे. तिथे पंधराएक माणसे कामाला. मालक वाईट नाही, ईदला मिठाईचा डबा देतो. पण सांगतो, 'नमाज पढून अकरापर्यंत ये.' मी भावाला विचारले, 'तुमच्या चार सणांच्या सुट्ट्या कोणत्या ठरल्यात?' तो म्हणाला, 'भाईजान, असं काही असतं?' सात वर्षे तो तिथे आहे. त्याच्यासोबतच्या काउंटरवरच्या मराठा पोरालाही ठाऊक नव्हते. तो पोळ्याला गावी जातो आणि त्याचा त्या दिवसाचा पगार कापला जातो.

आता २०२५ चा सप्टेंबर. मिलादची सुट्टी पाच तारखेला की आठ तारखेला, यावर सगळे हमरीतुमरीवर आले होते. त्याच आठवड्यात राज्य मंत्रिमंडळाने या कायद्यात बदल करायचा निर्णय घेतला. दिवसाच्या कामाचे तास नवावरून दहा करायचे, आणि कायदा लागू होण्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर न्यायची. म्हणजे दहा ते एकोणीस माणसे असलेली दुकाने, हॉटेले, वर्कशॉप, गोदामे या छत्रीबाहेर. माझ्या मामेभावाचे दुकान बाहेर, पोळ्याला जाणारा तो पोरगाही बाहेर. चौकात एकही फलक लागला नाही. आपल्या एका ग्रुपवर त्या आठवड्यात मिलादच्या सुट्टीवर शंभराच्या वर संदेश होते. या निर्णयाची बातमी मी टाकली, तिला दोन अंगठे आले.

आपण एका तारखेवर भांडत राहिलो आणि त्याच आठवड्यात आठ दिवस गेले. तेही आपल्या एकट्याचे नव्हे, सगळ्यांचे.

ज्यांना हा कायदाही लागू नाही, त्यांची गोष्ट आणखी निराळी. मालेगावात यंत्रमाग जुम्म्याला बंद असतात. ही सुट्टी राजपत्रात नाही, गावाने पाळलेली आहे. पण मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. ईदला माग बंद राहतात ते दिवस मजूर आधीच्या पाळ्यांत अंग मोडून भरून काढतो. दर्जी चांदरातीला सेहरीच्या वेळेपर्यंत मशीनवर असतो आणि ईदगाहला डोळे चोळत येतो. ईदच्या दुपारी कुणाच्या तरी घरी बिर्याणीची ऑर्डर पोचवणारा मुलगा अनेकदा आपलाच असतो. दिवाळीच्या रात्री सोसायटीच्या फाटकावर बसलेला वॉचमन आपला नसतो, पण त्याचे दुःख तेच. या माणसांपुढे जाऊन 'देशात सुट्ट्या फार झाल्या' असे म्हणायची हिंमत पाच दिवसांचा आठवडा उपभोगणाऱ्याने करावी.

रविवार कुणाचा?

इथे एक जुनी गोष्ट आठवायला हवी. आज आपण सगळे रविवारी घरी असतो. ख्रिश्चनांच्या प्रार्थनेचा वार म्हणून कुणी त्याला लाड म्हणत नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना ही साप्ताहिक सुट्टी १० जून १८९० ला मिळाली, आणि ती मिळवणारा माणूस होता सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ पासून त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, सह्या गोळा केल्या. रविवार हा खंडोबाचाही वार, हे कामगारांना माहीत होते. साहेबाचा चर्चचा दिवस, खंडोबाच्या भक्ताचा वार आणि गिरणीतल्या मुसलमान विणकराची विश्रांती एकाच सुट्टीत बसली, कारण मागणी धर्माची नव्हती, थकलेल्या माणसाची होती. म्हणून ती सव्वाशेहून अधिक वर्षे टिकली. कोणत्याही सरकारची ती हलवायची छाती झाली नाही.

आपल्याला पाचवी सुट्टी हवी की लोखंड्यांच्या जातीची सुट्टी हवी, हे ठरवायची वेळ आहे.

घरातली झाडलोट

हे मागताना आधी आपल्या दाराशी बघावे लागेल. बेकरी, गॅरेज, फर्निचरचे कारखाने, भंगाराची गोदामे, हॉटेले यांचे मालक आपल्यात थोडे नाहीत. त्यातल्या किती जणांकडे कामगाराला ईदचा दिवस भरपगारी मिळतो? त्यांच्याकडच्या हिंदू कामगाराला लक्ष्मीपूजनाचा, बौद्ध कामगाराला १४ एप्रिलचा? 'आपलाच माणूस आहे, सांभाळून घेतो' हे उत्तर मला नको. सांभाळून घेणे म्हणजे मालकाची मर्जी, आणि मर्जीवर चालणारी सुट्टी काय लायकीची असते हे वर पाहिलेच. सरकारने आपल्याला चार दिवस द्यावेत आणि आपण आपल्या नोकराला एकही देऊ नये, हे कोणत्या दीनात बसते?

चंद्राचेही बोलू. सरकारच्या यादीत ईदची तारीख अंदाजाने छापलेली असते. ती एक दिवस पुढे-मागे झाली की शाळा, कचेऱ्या, एस.टी.ने गावी निघालेले लोक, सगळ्यांची तारांबळ. चंद्र अल्लाहच्या हुकमाने दिसतो, त्याला इलाज नाही. पण एकाच शहरात दोन कमिट्या दोन घोषणा करतात आणि रात्री उशिरापर्यंत लोक मोबाइलला चिकटून बसतात, त्याला इलाज आहे. राज्यातल्या सगळ्या जमातींनी मिळून एक निर्णय, एका ठिकाणाहून, वेळेवर सांगावा. सुट्टीची तारीख नक्की नाही म्हणून आपण सरकारला बोल लावतो आणि आपली तारीख आपण रात्री अकराला ठरवतो.

आणि परीक्षा. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा आणि रोजे एकमेकांत मिसळले, २०२६ मध्येही तेच आहे. मुले रोजा धरून पेपर लिहितात, त्याची तक्रार नाही. पण माझ्या भाचीच्या कॉलेजने अंतर्गत परीक्षेचा पेपर बासी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्याच दिवशी ठेवला. चंद्र एक दिवस उशिरा दिसला असता तर तो पेपर ईदच्या सकाळी, नमाजच्या वेळेला आला असता. कॉलेजला वैर नव्हते. वेळापत्रक करणाऱ्याने हिजरी तारीख बघितली नव्हती, एवढेच. इथे नव्या सुट्टीची गरजच नाही. ईदच्या छापील तारखेच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी पेपर ठेवू नका, एवढे एक पत्र पालकांनी जूनमध्येच प्राचार्यांना द्यावे. मार्चमध्ये ओरडून उपयोग नसतो.

मग काय मागायचे?

पाचवी सुट्टी मागू नका. शब-ए-बरात रात्रीची इबादत आहे, ती दुपारच्या कचेरीने अडत नाही.

मागायचे ते असे. आठ भरपगारी दिवसांचा हक्क एक माणूस कामाला असलेल्या दुकानापासून सगळ्यांना लागू करा, आणि वीसची मर्यादा मागे घ्या. चार निवडीच्या सणांची नोंद लेखी हवी, ती दुकानात भिंतीवर लावलेली हवी, आणि एकाच दुकानात वेगवेगळ्या कामगारांचे चार दिवस वेगवेगळे असायला मालकाची हरकत नको. मीटरवर, नगावर, फेरीवर राबणाऱ्यालाही वर्षातले काही दिवस त्याच्या सरासरी कमाईने भरून मिळावेत. ही मागणी घेऊन मशिदीच्या बाहेर सह्या गोळा करा, तशाच गणेश मंडळाच्या मांडवातही करा. तिथल्या पोराला पोळा हवा आहे, आपल्याला ईद. अर्ज एकच आहे.

आणि हे सगळे होईपर्यंत एक काम प्रत्येकाला करता येईल. तुम्ही कुठे कामाला असाल, तर ३१ डिसेंबरच्या आत चार तारखा कागदावर लिहून मालकाला द्या आणि त्याची पोच घ्या. तुमच्याकडे कुणी कामाला असेल, तर त्याने मागायच्या आधी त्याला विचारा : बाबा, तुझे चार दिवस कोणते?